गोव्याच्या उकाड्यात गरोदर सून आणि तान्हं बाळ: घरात नेमकं काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. डिचोलीजवळच्या गावात जुनं चिरेबंदी कौलारू घर, मागे नव्याने काढलेली पत्र्याची खोली. सून आठव्या महिन्यात. लेक बाळंतपणाला माहेरी आलेली, बाळ पाच आठवड्यांचं. मे महिना, लाईट जाते-येते. सासूबाईंनी विचारलंय: बाळाला दोन चमचे पाणी पाजावं का? पंखा, एसी बाधेल का? सुनेच्या पायांना सूज आहे, डोकं दुखतं, ते उन्हामुळेच ना? आणि आपल्याकडे पारा ३४च्या वर जात नाही, मग एवढी काळजी करायची का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. काळजी करायलाच हवी. गोव्यात पारा फसवतो. हवामान खातं मैदानी भागात ४० अंशांपासून उष्णतेच्या लाटेचा विचार करतं, किनारपट्टीवर ३७ अंशांपासून. मे महिन्यात आपला पारा तिथवर सहसा पोचत नाही, म्हणून ‘आपल्याकडे कसली लाट’ असं म्हणून माणसं निर्धास्त राहतात. पण हवा ३३ अंश आणि दमटपणा ७० टक्के असला की अंगाला ती ४३ अंशांच्या आसपास जाणवते. त्याच गणिताने २० टक्के दमटपणाच्या कोरड्या हवेतले ४० अंश हे ४० अंशांसारखेच जाणवतात. घाम आला म्हणून शरीर थंड होत नाही, तो वाळला तर होतं. मे महिन्यात घाम पाठीवरून ओघळतो, चोळी भिजते, पण वाळत काही नाही. म्हणजे पाणी आणि मीठ जातं आणि उष्णता अंगातच राहते.

फेब्रुवारी-मार्चचा उन्हाळा वेगळा. तेव्हा घाटाकडून कोरडा पूर्वेचा वारा येतो, समुद्रावरचा खारा वारा उशिरा सुटतो आणि दुपारी पारा एकदम चढतो. मार्च २०२३मध्ये लाटेचा इशारा आला तेव्हा गोव्यातल्या शाळा बाराच्या आत सोडाव्या लागल्या होत्या. हा फरक ध्यानात ठेवा, कारण मार्चमध्ये चालणारा उपाय मे महिन्यात उलटू शकतो.

गरोदरपणात अंगातलं रक्त जवळजवळ दीडपट होतं, शरीर जास्त उष्णता तयार करतं, आणि पोटातलं बाळ आईपेक्षा साधारण अर्धा अंश गरम असतं. त्याला आपली उष्णता आईच्या रक्तातच सोडायची असते. आई तापली की तिचं रक्त कातडीकडे धावतं, गर्भाशयाकडे कमी जातं. त्यात पाणी कमी पडलं की पोट आवळू लागतं. जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२० साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. त्यात तापमान १ अंशाने वाढलं की अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीची शक्यता सुमारे ५ टक्क्यांनी, आणि लाटेच्या दिवसांत १६ टक्क्यांनी वाढलेली दिसली. तेव्हा ‘पूर्वीच्या बायका शेतात राबत होत्या’ हे सुनेला ऐकवू नका. त्यांच्यातल्या किती जणींची बाळं अपुऱ्या दिवसांची झाली, याची नोंद कुणी ठेवलेली नाही.

आता घर. खोलीची निवड हा बिनपैशाचा आणि सगळ्यांत मोठा उपाय आहे. दोघींनाही पत्र्याच्या खोलीत झोपवू नका. जुन्या घरातली उत्तरेची किंवा पूर्वेची, चुलीपासून लांबची, उंच छपराची खोली घ्या. जाड चिऱ्याची भिंत दिवसभर गारवा धरते. पश्चिमेची भिंत मात्र संध्याकाळी पाचनंतर तापलेली असते आणि रात्री दहा-अकरापर्यंत उष्णता सोडत राहते. संध्याकाळी तिला हात लावून पाहा. हाताला ऊब लागली तर बाळाचा पाळणा त्या भिंतीपासून निदान चार हात लांब ठेवा. कौलांत प्रकाशासाठी काचेचं कौल बसवलेलं असतं, तेही बघा. त्यातून अकरा ते तीन या वेळात उन्हाचा कवडसा जमिनीवर सरकत जातो. सकाळी सावलीत झोपवलेलं बाळ दुपारी त्याच कवडशात सापडतं आणि घरातल्यांना वाटतं, ते उगाच रडतंय. काचेच्या कौलावर आतून पुठ्ठा लावा किंवा वरून माडाचं चुडत (झावळी) टाका.

पत्र्याची खोली वापरावीच लागली तर पत्र्याला वरून चुन्याचे दोन हात द्या, चुन्यात थोडा डिंक मिसळला की तो टिकतो. त्यावर चुडतांचा थर घाला. आत बांबूचा आढा करून जुन्या साड्यांचं छत ताणलं तरी डोक्यावर येणारी धग कमी होते. मडगाव, म्हापसा, वास्कोत वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांची अडचण हीच आहे. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री झोपायच्या वेळी ते खोलीत ओततो. सूर्य मावळल्यावर गच्चीवर पाणी मारा, भर दुपारी नाही.

खिडक्यांचं तंत्र साधं आहे. पहाटे पाच ते साडेआठ सगळं उघडं. ऊन चढलं की उन्हाच्या बाजूच्या खिडक्या आणि पडदे बंद, सावलीच्या बाजूच्या किलकिल्या. संध्याकाळी वारा सुटला की समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडा, वारा आरपार जायला हवा. मच्छरदाणी काढू नका, डेंगी आणि मलेरिया गरोदर बाईला आणि तान्ह्याला फार वाईट. पण मच्छरदाणी वारा अडवते, म्हणून टेबल-फॅन जाळीच्या अगदी जवळ, फिरता ठेवा. कॉइल तर बाळाच्या खोलीत नकोच.

पंखा बाधत नाही. हवा ३५ अंशांच्या आत असेल तोवर पंखा हा उत्तम उपाय, आणि अंग ओलसर पुसून पंख्याखाली बसलं की दुप्पट उपयोग. बाळाच्या तोंडावर सरळ झोत नको, एवढंच. एसी असेल तर २६ ते २८ अंशांवर ठेवा, जाळी पंधरा दिवसांनी धुवा, झोत पाळण्यावर येऊ देऊ नका. कुलर घेण्याचा विचार असेल तर थांबा. तो पाण्याची वाफ करून हवा गार करतो. मार्चच्या कोरड्या वाऱ्यात थोडा चालेल, मे महिन्यात बंद खोलीत लावला तर दमटपणा वाढवून त्रासच देईल. त्या पैशात चार्ज होणारा पंखा घ्या, तो लाईट गेल्यावर बाळाला उपयोगी पडेल. दर आठवड्याला एकदा तो पूर्ण चार्ज झालाय का, हे चालवून बघा.

सुनेच्या पाण्याचं. दिवसाला अडीच ते तीन लिटर, म्हणजे साधारण दहा-बारा पेले. एकदम दोन तांबे प्यायचे नाहीत, तासातासाला एक पेला. ती विसरते म्हणून लिटरच्या तीन बाटल्या सकाळी भरून समोर ठेवा, रात्रीपर्यंत संपल्या की पुरे. खूण लघवीची: फिकट पिवळी आणि तीन-चार तासांनी एकदा होत असेल तर ठीक. गडद झाली, जळजळ आली तर पाणी कमी पडतंय, किंवा लघवीला जंतूसंसर्ग आहे, तो तपासून घ्यायचा.

नुसत्या पाण्याने काम भागत नाही, घामातून मीठही जातं. यासाठी आपल्याकडे जे आहे ते उत्तम आहे: उकड्या तांदळाची पेज चिमूटभर मीठ घालून, पातळ ताक, नाचणीची अंबील, आगळाचं (कोकमाच्या खारवलेल्या रसाचं) तिवळ, बिनसाखरेची सोलकढी, एखादा आडसर (शहाळं). रक्तातली साखर वाढलेली असेल तर उसाचा रस आणि साखरेचं कोकम सरबत बंद, आडसर दिवसाला एकच. रक्तदाब वाढलेला असेल तर वरचं मीठ, खारवलेली मासळी, पापड, मिठातल्या कैऱ्या टाळा. पुरुमेंताचा, म्हणजे पावसाळ्याची बेगमी करण्याचा, महिना असल्याने हे सगळं घरात हाताशी असतं, म्हणून मुद्दाम लिहितोय.

काजूचा निरो (बोंडांचा ताजा रस) सोडा. सकाळी काढलेला रस उन्हात दुपारपर्यंत आंबायला लागतो. हुर्राक ही काजूची दारू तर थेंबभरही नाही. आणि गाड्यावरच्या बर्फाचं कुठलंही पेय नको. हेपटायटिस ई हा दूषित पाण्यातून होणारा काविळीचा प्रकार इतरांना बहुधा सौम्य जातो, पण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत झाला तर मृत्यूचं प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत जातं. पाणी उकळून, गाळून, माठात ठेवून प्या. माठ रोज धुवा आणि दांड्याच्या पळीने पाणी काढा.

ओआरएस रोज लागत नाही. खूप घाम, उलट्या किंवा जुलाब झाले तरच. इथे एक चूक पुन्हा पुन्हा होते. मोठं, साधारण २१ ग्रॅमचं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं, छोटं ४.२ ग्रॅमचं २०० मिलीसाठी. मोठं पाकीट पेल्यात ओतून दिलं तर मिठाचा मारा होतो आणि अपाय होतो. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. खोक्यातली गोड फळपेयं म्हणजे ओआरएस नव्हे.

कामाचं म्हणाल तर अकरा ते चार उन्हात काहीच नाही. मे महिन्यात अंगणात, गच्चीवर मिरच्या, भिरंडं (कोकमाची फळं), सुकी मासळी वाळत असतात आणि दर तासाला उलथावी लागतात. ते काम सुनेकडे नको. चुलीपुढे वीस मिनिटांहून जास्त उभं राहणं नको. तपासणीला जायचं तर ओपीडीची पहिली वेळ घ्या. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी असते, पण त्या दिवशी गर्दीही असते, म्हणून छत्री आणि पाणी बरोबर असू द्या. शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेला किंवा भर दुपारच्या लग्नाला आठव्या महिन्यात न गेल्याने देवी किंवा पाहुणे, कुणीच रागावणार नाही.

आता सूज आणि डोकेदुखी, याच्याबद्दल मला सगळ्यांत जास्त सांगायचं आहे. संध्याकाळी फक्त घोट्यांवर सूज आणि पाय उंच ठेवून झोपल्यावर सकाळी उतरलेली, एवढंच असेल तर ती उकाड्याने येऊ शकते. पण सकाळी उठल्यावर तोंड सुजलेलं, अंगठी बोटातून निघत नाही, डोकं दुखतं, डोळ्यांपुढे चमकतं किंवा अंधारतं, बरगडीखाली दुखतं, यातलं काही असेल तर उन्हाला दोष देऊ नका, त्याच दिवशी रक्तदाब मोजा. १४० बाय ९० किंवा वर असेल तर दवाखान्यात जा, झटके येण्याआधीची ती अवस्था असू शकते. तुमच्या प्रश्नात सूज आणि डोकेदुखी दोन्ही आहेत. म्हणून हे वाचून झालं की सुनेचा रक्तदाब आजच मोजून घ्या, गावच्या आरोग्य उपकेंद्रातही मोजून मिळतो.

पोट वारंवार आवळत असेल तर दोन पेले पाणी पिऊन डाव्या कुशीवर तासभर पडा. थांबलं तर पाण्याची कमतरता होती. तासात चारहून जास्त वेळा आवळलं, पाणी गेलं किंवा रक्त दिसलं तर थांबू नका. बाळाची हालचाल मंदावली वाटली तर काही खाऊन डाव्या कुशीवर पडून मोजा. दोन तासांत दहा हालचाली झाल्या नाहीत तर रात्र असली तरी निघा. ‘उकाड्याने बाळही सुस्तावलंय’ असं कधीच समजू नका.

आता पाच आठवड्यांचं बाळ. पाणी द्यायचं नाही, दोन चमचेही नाही. सहा महिने पूर्ण होईपर्यंत नाही, मे महिन्यातही नाही. आईच्या दुधात जवळजवळ ८८ टक्के पाणीच असतं. बाळाचं पोट लहान, पाण्याने भरलं की ते कमी दूध ओढतं, आईचं दूध कमी होतं, बाळाच्या रक्तातलं मीठ पातळ होऊन झटके येऊ शकतात, आणि पाण्याबरोबर जंतू जातात ते वेगळंच. तहान लागली की बाळ थोडं-थोडं, पण वारंवार प्यायला मागतं. मागेल तेव्हा पाजा, चोवीस तासांत आठ ते बारा वेळा किंवा जास्त. पाणी प्यायचंय ते लेकीने: दर पाजण्याच्या वेळी एक पेला, तिच्या उशाशी तांब्या हवा. पाजताना दोघांची कातडी घामाने चिकटते आणि बाळ चिडून तोंड सोडतं. मध्ये पातळ सुती फडकं ठेवा, आधी आईचा गळा-छाती ओल्या फडक्याने पुसा.

एक धोका सहज नजरेतून सुटतो. तापलेलं बाळ नेहमीच रडत नाही, ते झोपतं. घरात सगळ्यांना बरं वाटतं की दुपारी चार तास शांत झोपलंय. त्या चार तासांत ते प्यालेलं नसतं, म्हणून आणखी सुस्तावतं, आणि सुस्तावलं की ओढत नाही. दिवसा तीन तासांहून जास्त झोपलं तर कपडे काढून, तळपाय चोळून उठवा आणि पाजा. पोट भरतंय का, हे लंगोटावरून कळतं: चोवीस तासांत निदान सहा वेळा पूर्ण ओले व्हायला हवेत. लंगोटावर विटेच्या भुकटीसारखा केशरी डाग दिसला तर दूध कमी पडतंय. पहिल्या तीन-चार दिवसांत तो एखाद्या वेळी दिसतो, पाच आठवड्यांच्या बाळाला दिसला तर त्याच दिवशी दाखवायचं.

वरचं दूध चालू असेल तर डब्यावर लिहिलेलं माप तंतोतंत पाळा. उन्हाळा म्हणून पातळ करू नका. तयार दूध दोन तासांत संपलं नाही तर टाकून द्या. काढलेलं आईचं दूधही मे महिन्यात बाहेर दोन तासांहून जास्त नको.

कपडे: एक बिनबाह्यांचं सुती झबलं आणि लंगोट. बास. कानटोपी घरात नको. बाळ डोक्यातून बरीच उष्णता बाहेर टाकतं, तीच वाट आपण बंद करतो. दुपट्यात घट्ट गुंडाळणं नको. साडीची झोळी बाळाला चारही बाजूंनी वेढते, आत वारा फिरत नाही. या दोन महिन्यांत सपाट पाळणा किंवा चटईवर सुती चादर बरी, आणि बाळ पाठीवर झोपलेलं. गरम आहे का, हे हातापायांवरून कळत नाही, मानेच्या मागे बोट घाला. तिथे घाम असेल तर एक थर काढा.

तेल लावा, पण हलक्या हाताने आणि सकाळी, मग कोमट पाण्याने पूर्ण धुऊन काढा. कोपराने तपासा, पाणी गरम लागता कामा नये. संध्याकाळी ओल्या फडक्याने अंग पुसा. पावडर नको, ती घामात मिसळून घडींत बसते आणि श्वासातही जाते. घामोळ्यांना गार पाणी आणि वारा एवढंच पुरतं. कावीळ जाते म्हणून उन्हात धरणं सोडा. त्याने कावीळ बरी होत नाही आणि आठनंतरचं ऊन तान्ह्याला भाजतं. ड जीवनसत्त्वाचे थेंब डॉक्टर सांगतात तेवढे, बहुधा रोज ४०० युनिट.

बाळंतिणीचा शेक आणि धुरी याबद्दल तुमच्या मनात प्रेमच आहे, हे समजतं. पण बंद खोलीत निखाऱ्यांची शेगडी ठेवली की उष्णतेबरोबर कोळशाचा विषारी वायू साठतो, त्याला वास नसतो. धूर तर तान्ह्याच्या छातीला थेट अपाय. लेकीच्या कमरेला शेक हवाच असेल तर गरम पाण्याची पिशवी दहा मिनिटं, बाळ दुसऱ्या खोलीत. फेणी बाळाच्या छातीला, पोटाला चोळू नका. पातळ कातडीतून दारू आत शिरते.

ताप. काखेत डिजिटल थर्मामीटर, वाजेपर्यंत. ३६.५ ते ३७.५ नेहमीचं. ३७.५च्या वर पण ३८च्या आत असेल तर कपडे काढा, पाजा, पंख्याखाली ठेवा, अर्ध्या तासाने पुन्हा मोजा. ३८ किंवा वर गेला तर मोजत बसू नका. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाचा ताप ‘उन्हाळ्याचा’ आहे असं घरी ठरवता येत नाही, तो जंतूसंसर्गही असू शकतो. लगेच दाखवा. टाळू खोल गेलेली, तोंड कोरडं, न ओढणं, मिनिटाला ६०हून जास्त श्वास, अंग ढिलं पडणं, यातलं काहीही असेल तरी तसंच.

बाळाला बंद गाडीत एक मिनिटही ठेवू नका. उन्हातली गाडी दहा मिनिटांत दहा अंशांनी तापते, आणि बाळ मोठ्या माणसाच्या तिप्पट ते पाचपट वेगाने. स्ट्रोलरवर जाड कापड टाकूनही आत अशीच भट्टी होते.

सून किंवा लेक उन्हाने बरळू लागली, चक्कर येऊन पडली, अंग चटके बसण्याइतकं तापलं तर १०८ लावा, पण गाडी येईपर्यंत वाट पाहू नका, थंड करणं आधी. सावलीत आणा, कपडे सैल करा, अंगावर ओली चादर टाका, चादरीवर सतत पाणी शिंपडत जोराने वारा घाला. काख, मान आणि जांघेत गार पाण्याने भिजवलेली फडकी. गरोदर असेल तर डाव्या कुशीवर, कारण उताणं झोपवलं की गर्भाशय मोठ्या रक्तवाहिनीवर दाब देतं. पूर्ण शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालू नका. पॅरासिटामॉल इथे लागू पडत नाही. बाळासाठी बर्फ किंवा फ्रीजचं पाणी नको, साध्या पाण्याने अंग पुसा आणि शुद्धीत असेल तर दूध पाजत राहा. दवाखान्याची फाइल, रक्तदाबाची नोंद आणि बाळाचं कार्ड एका पिशवीत दाराजवळ टांगून ठेवा. रात्री लाईट नसताना ती शोधावी लागू नये.

जूनमध्ये पाऊस लागला की पारा उतरतो, पण दमटपणा वाढतो. पाऊस उघडला की एक-दोन दिवस पुन्हा मे महिन्यासारखा उकाडा होतो. ऑक्टोबरमध्ये तर दुसरा उन्हाळाच येतो आणि तेव्हा सुनेचं बाळ तीन-चार महिन्यांचं असेल, म्हणजे पाणी न द्यायच्याच वयात. तेव्हा चार्जचा पंखा आणि थर्मामीटर पावसाळ्यात माळ्यावर टाकू नका.